लेझर शिकतेयस ना, मग आधी हे ऐक

अगं, लेझरने केस काढायचा कोर्स झाला छान झालं, पण सर्टिफिकेट भिंतीवर टांगलं की मशीन चालवायला मोकळी असं नसतं. यूकेत नियम गावागणिक बदलतात, वेल्समध्ये सलॉनमध्ये लेझर किंवा आयपीएल (लेझरऐवजी तीव्र प्रकाशाचे झोत वापरणारं मशीन) करायचं तर हेल्थकेअर इन्स्पेक्टोरेट वेल्सकडे रजिस्ट्रेशन लागतं, लंडनच्या बऱ्याच भागांत काउन्सिलचं लायसन्स, आणि बाकी इंग्लंडमध्ये २०१० साली राष्ट्रीय रजिस्ट्रेशनच काढून टाकलं (कोणाचं डोकं कोण जाणे!). २०२२ च्या हेल्थ अँड केअर अ‍ॅक्टने लायसन्सिंग आणायचा अधिकार सरकारला दिलाय, पण त्याच्या भरवशावर बसू नकोस, लेझर प्रोटेक्शन अ‍ॅडव्हायजरने (लेझर-सुरक्षेच्या तज्ज्ञाने) लिहिलेले लोकल रूल्स, म्हणजे सलॉनचे लेखी सुरक्षानियम, आहेत का ते नोकरी धरायच्या आधीच विचार.

आणि गॉगल! माझ्या पहिल्या सलॉनमध्ये मशीन १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचं (गॉगलही त्याच तरंगलांबीचा लागतो) आणि गॉगलच्या दांडीवर बारीक अक्षरात ७५५, म्हणजे डोळ्यांना काडीचाही उपयोग नाही, महिनाभर कोणी वाचलंच नव्हतं.

आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त, ७५५ ची उष्णता केसाआधी कातडीच खाते, म्हणून १०६४ जास्त सेफ. तरी टेस्ट पॅच (आधी कातडीच्या छोट्या भागावर करून बघणं) हवाच. मी एकदा घाईत सोडला, बाई नुकत्याच सुट्टीवरून उन्हात रापून आलेल्या, नडगीवर ओळीने चौकोनी डाग उठले, बरे व्हायला महिने गेले. गिऱ्हाईक रुसलं तर रुसू दे, पॅच नाही तर अपॉइंटमेंट पुढे ढकल.