सत्तरीच्या डोंगरात राहायचं तर आधी जुलै बघा

तुम्ही विचारलंय की पुण्यातली नोकरी सोडून गोव्याच्या डोंगरातल्या एखाद्या दुर्गम गावात कायमचं राहता येईल का, आणि तिथलं रोजचं जगणं खरोखर कसं असतं. माझा जन्म अशाच एका वाड्यावरचा. सत्तरी तालुका, चोर्ला घाटाच्या अंगाला, सुर्ल गाव ज्या उंचीवर आहे (साधारण ८०० मीटर) तोच पट्टा. पोटापाण्यासाठी मी वाळपईत राहतो, पण आईवडील वरच आहेत आणि दर शनिवारी मी वर जातो.

तुम्ही डिसेंबरात येऊन गेला असणार. बहुतेकांना गाव आवडतं ते डिसेंबरातच. आमच्या वर्षाचा हिशेब मात्र पावसावर चालतो. गोव्यात सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि घाटमाथ्यावर त्याहून बराच जास्त. म्हणून मे महिना सगळा पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीचा. तांदूळ, मीठ, सुकी मिरची, सोलं, सुकं मासळी, रॉकेल मिळालं तर रॉकेल, गुरांचं गवत, आणि सगळ्यांत आधी लाकडं. लाकडं मृगाआधी घरात आली नाहीत तर चार महिने धूर खायचा.

ओल किती असते ते सांगतो. आई काडेपेटी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवते, कारण फळीवर ठेवली तर दोन दिवसांत काडी ओढता ओढता गूल गळून पडतं. कपडे वाळतात ते चुलीच्या वर टांगलेल्या वेळूच्या मांडणीवर. त्यांना धुराचा वास लागतो आणि तो धुऊनही जात नाही. मी हायस्कूलला खाली गेलो तेव्हा वर्गात डोंगरावरून कोण आलंय ते वासावरून कळायचं. मला त्याची लाज वाटायची, आता त्याच वासाने घरी पोचल्यासारखं वाटतं. झाड पडलं की वीज जाते, ती कधी एक रात्र, कधी चार दिवस. फोनला रेंज वाड्याबाहेरच्या एका जांभळीखालीच. धुकं असं उतरतं की भर दुपारी अंगणातली तुळस दिसत नाही.

आणि हेच दिवस खाण्याचेही. पहिल्या सरींनंतर ताकळा, मग बांबूचे कोंब म्हणजे किल्ल, मग रोयणीवर म्हणजे वारुळावर उगवणारी ओळमी, म्हणजे अळंबी. ओळमी कुठल्या रोयणीवर येतात ते प्रत्येक घराचं गुपित असतं. आजी सगळी उपटू द्यायची नाही, थोडी मागे ठेवायचीच. उतारावरची नाचणी पोसवली की रात्री माळ्यावर राखण बसते, कारण गवे आणि रानडुकरं एका रात्रीत वर्षाचं पीक झोपवतात.

आता जे खरं अवघड आहे ते. गैरसोयींची सवय होते, पण अचानक काही झालं तर रुग्णालय गाठायला लागणारा वेळ सवयीने कमी होत नाही. काही वर्षांपूर्वी ऑगस्टात गोठ्याकडे जाताना वडिलांना पान लागलं. आमच्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत. शेजारच्या धनगरवाड्यावरची चार माणसं धावली, कांबळ्याची झोळी करून वेळूला बांधली. एकजण जांभळीखाली जाऊन १०८ ला फोन लावत राहिला. डांबरी रस्त्यापर्यंत यायला पाऊण तास, पुढे धुक्यात गाडी रांगत रांगत खाली. वडील वाचले. पाय आवळून न बांधता, कोणाकडे उतारा काढायला न थांबता त्यांना थेट रुग्णालयात नेलं, याचं श्रेय मी त्या चौघांना देतो. तुम्ही राहायला आलात तर तुमचे ते चौघे कोण असतील, हे घर बघण्याआधी बघा.

दुसरी गोष्ट जमिनीची, आणि ती मला जास्त जाळते. सत्तरीत राणे घराण्याला मिळालेल्या मोकाशांच्या, म्हणजे इनामाच्या जमिनींवर पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्यांची घरं आहेत, पण ‘वन फोर्टीन’च्या (आमच्याकडचा सातबारा) उताऱ्यावर मालक म्हणून त्यांचं नाव नाही. त्यात १९९९ मध्ये म्हादई अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २०८ चौरस किलोमीटरचं. २००६ च्या वनहक्क कायद्यात हक्क मागता येतो, पण जो अनुसूचित जमातीत नाही त्याला ७५ वर्षांचा, तीन पिढ्यांचा वास दाखवावा लागतो. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप यांना २००३ मध्ये तो दर्जा मिळाला, धनगरांना मिळाला नाही. ज्यांनी माझ्या वडिलांना खांद्यावर नेलं, त्यांच्याकडे पणजोबांनी लावलेला फणस आहे, कागद नाही. आमचा स्वतःचा दावाही एका कार्यालयात कित्येक वर्षं पडून आहे. दर वेळी नवा दाखला मागतात, वडील दर वेळी इस्त्रीचा शर्ट घालून जातात.

म्हणून तुम्हाला कोणी ‘डोंगरात स्वस्त प्लॉट आहे’ म्हणालं तर सावध राहा. उतारा नीट बघा, अभयारण्याची हद्द बघा. भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर गोव्यात २०२३ च्या कायद्याने बंदी आहे, तेही ध्यानात ठेवा.

वाघाबद्दल विचाराल, सगळेच विचारतात. वाघ आहे. २०२० च्या जानेवारीत गोळावलीत चार वाघ विषाने मेलेले सापडले, तेव्हा आमच्या वाड्यावर कोणी धड जेवलं नाही. वाघ आमच्या देवळात पुजला जातो. पण दुभती म्हैस गेली की त्या घराचा महिन्याचा खर्चच जातो, आणि भरपाई उशिरा आली तर ती आल्यासारखी नसते. २०२३ च्या जुलैत उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पाचा आदेश दिला तेव्हा गावात पहिला प्रश्न हाच होता, आम्हाला उठवणार का? मला वाघही राहायला हवा आहे आणि वाडाही.

मुलं असतील तर शाळेचं आधी बघा. घरात कोंकणी, शाळेत आणि भजनात मराठी, असं आम्ही वाढलो. आता पट कमी झाला की शाळा बंद होते, आणि शाळा गेली की तरुण घरं खाली उतरतात. मीही त्यातलाच.

तरी यावंसं वाटत असेल तर जमीन विचारू नका, आधी जुलैत आठ दिवस राहायला या. शिगमा, चवथ नंतर बघता येईल. बॅटरी आणा, आणि जळवांसाठी फडक्यात बांधलेली मिठाची पुरचुंडी. ती ओली करून काठीच्या टोकाला लावायची. कांबळं घरी आहेत.