टोपली खाली आली नाही

"ताई, नमस्कार. आमचं घर पुण्यात कुमठेकर रस्त्याला लागून, दुसऱ्या मजल्यावर. साताऱ्याची माझी भाची शिक्षणासाठी आमच्याकडे राहते. एकोणीस वर्षांची आहे. दोन वर्षांपासून ती एका ढोल-ताशा पथकात वाजवते. हेच पथक नऊ वर्षं आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या बाप्पापुढे वाजवायचं. माझे मिस्टर त्या मंडळाचे जुने कार्यकर्ते.

यंदा विसर्जनाला चार दिवस उरले असताना पथकप्रमुखांचा फोन आला, 'या वेळी जमणार नाही.' दुसऱ्या मोठ्या मंडळानं जास्त बिदागी देऊ केली होती. ऐन वेळी दुसरं पथक कुठून मिळणार? आमच्या मुलांनी झांजा नि टाळ्यांवर बाप्पा नेला. संध्याकाळी तेच पथक त्या मोठ्या मंडळापुढे वाजवत आमच्या खिडकीखाली आलं. गल्लीतली पोरं पाठ करून उभी राहिली. कुणी ओरडलं, 'किती घेतले रे?' कुणी म्हणालं, 'वाजवा, सुपारी वाजवा!' गेल्या वर्षी मी दोरीला टोपली बांधून लिंबू सरबताच्या बाटल्या खाली सोडल्या होत्या. यंदाही बाटल्या भरून ठेवल्या होत्या. भाचीनं मान वर करून गॅलरीकडे पाहिलं आणि मी दार लावून घेतलं.

त्याला आता बारा दिवस झाले. ती जेवते, कॉलेजला जाते, विचारलं तेवढंच बोलते. मिस्टर म्हणतात, तिनं ते पथक सोडलं पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी होस्टेल बघावं. माझं चुकलं का? आणि पुढच्या वर्षी ते पथक परत खालून गेलं तर मी काय करू? – एक मावशी, पुणे"

नमस्कार. सहीच्या जागी तुम्ही नाव घातलं नाहीत, तेव्हा मीही मावशीच म्हणते.

सोप्या भागापासून सुरुवात करते. तुमचा राग खोटा नव्हता. नऊ वर्षांचा शब्द चार दिवसांवर येऊन मोडायचा आणि तोही फोनवर, याला आपल्याकडे एकच शब्द आहे आणि तो मी इथे छापू शकत नाही. पथकप्रमुख आपली बाजू सांगतील. ढोलांवर चढवायची पानं महागली, टेम्पोवाला अडून बसतो, सरावाच्या जागेचं नि शेडचं भाडं डोक्यावर असतं. हे सगळं खरंच असतं. पण ते जूनमध्येही खरं होतं. नारळ फोडून सराव सुरू केला, त्या दिवशी मंडळात येऊन सांगता आलं असतं.

आता अवघड भाग. 'किती घेतले रे?' हा प्रश्न ज्यांच्या कानावर पडला, त्यांना एक रुपयाही मिळालेला नव्हता. पुण्यातल्या बहुतेक पथकांत वादक हौसेनं वाजवतो. झब्बा स्वतःचा, येण्याजाण्याचं पेट्रोल स्वतःचं. बिदागी पथकाच्या नावानं ठरते, आणि ती कुणाकडून किती घ्यायची हे दोन-चार माणसं बसून ठरवतात. तुमच्या भाचीला विसर्जनाआधी मोबाइलवर निरोप आला असेल तो एवढाच: किती वाजता, कुठे जमायचं, फेटा कोणत्या रंगाचा. ज्यांनी निर्णय घेतला ते शिट्टी गळ्यात अडकवून पुढे चालत होते, मंडळाच्या अध्यक्षांच्या बाजूनं. त्यांना शिव्या ऐकू आल्या असतील असं मला वाटत नाही. पुढे चालणाऱ्याला मागचं फारसं ऐकू येत नाही.

मधल्या ओळीतल्या पोरीला मात्र सगळं ऐकू येतं. तुम्ही म्हणाल, एवढ्या आवाजात? वादक कानात कापूस घालतात हेही मला ठाऊक आहे. पण एक हात, म्हणजे वाजवण्याचा एक ताल, संपून दुसरा सुरू होण्याआधी ताशा एकटा तडतडत असतो आणि ढोल थांबलेले असतात, त्या पाच-दहा सेकंदांत गर्दीतला शब्द नि शब्द स्पष्ट येतो. आणि ढोल एकदा कमरेला करकचून बांधला की माणूस खांबासारखा होतो. मागे वळता येत नाही, वाकता येत नाही, कुणाला उत्तर देता येत नाही. बोटांना चिकटपट्टी गुंडाळलेली, टिपरू म्हणजे ढोलाची काठी हातात, ओळ मोडायची नाही. तेवढं एक करता येतं: मान वर करून ओळखीच्या गॅलरीकडे बघणं. तिनं तेच केलं.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर 'हो' आहे. चुकलं. राग आला हे चुकलं नाही, तो जिना न उतरता खिडकीतून ज्याच्यावर पडला ते चुकलं. (आणि दार लावणं हे ओरडण्यापेक्षा बरं असं समजू नका. ओरडणारा अनोळखी होता. दार ओळखीचं होतं.)

यात तुम्ही एकट्या नाही. पुढाऱ्यांची भांडणं पोरांच्या डोक्यावर फुटणं ही आपली जुनी खोड आहे. 2024 चं आठवा. ऑगस्टच्या अखेरीस राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठानं एका पथकात तीसच जण असावेत अशी मर्यादा घातली. 12 सप्टेंबरला, म्हणजे गणपती बसलेले असतानाच, सर्वोच्च न्यायालयानं त्या मर्यादेला स्थगिती दिली. त्या पंधरवड्यात माझ्या सोसायटीत टिपरं हातात घेऊन खाली उतरणाऱ्या प्रत्येक मुलाकडे लोक असे बघत होते, जणू ढोल किती असावेत हे त्यानंच ठरवलंय. मीही बघत होते. खोटं कशाला बोलू, मला त्या आवाजाचा त्रास होतो. शंभर-दीडशे ढोलांच्या पथकांची गरज काय, हे मला कळत नाही. विसर्जन मिरवणूक अठ्ठावीस तासांच्या पुढे का जाते हेही कळत नाही. पण लिफ्टमध्ये भेटलेल्या अकरावीतल्या मुलाला मी हे प्रश्न विचारले, तेव्हा त्यानं एवढंच म्हटलं, "काकू, मला ताशा वाजवायचाय फक्त." त्याच्याकडे दुसरं उत्तर असायचं काही कारणही नव्हतं. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, विमलाबाई गरवारे अशा शाळांच्या पथकांनी हे वाजवणं मुलामुलींच्या हाती दिलं, तेव्हा त्यांना ताल दिला होता, शिस्त दिली होती. मंडळांची भांडणं दिली नव्हती.

इथे माझी एक गोष्ट सांगते. 1978 चा 26 जानेवारी. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा चोपन्न दिवसांचा संप तेव्हा ऐन भरात होता. माझे वडील तहसील कचेरीत कारकून, संपात होते. घरात पगार नव्हता, किराणावाल्याच्या वहीत आमचं पान भरत आलं होतं. आमच्या मुख्याध्यापकांनी मात्र ठरवलं की कचेरीसमोरच्या झेंडावंदनाला शाळेचं लेझीम पथक जाणारच. मी सहावीत होते आणि पुढच्या रांगेत होते. मैदानाच्या कडेला संपावरची माणसं हाताची घडी घालून उभी होती. एकानंही टाळी वाजवली नाही. आमचे अण्णा त्यांच्यातच. आम्ही खेळलो, सरळ रांगेत बाहेर आलो, आणि मी शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे बसून रडले. मला वाटलं, मी संप मोडला.

रात्री जेवताना अण्णा काही बोलले नाहीत. हात धुवायला उठताना एवढंच म्हणाले, "ते शेवटचं आवर्तन, बसून उठायचं, तिथे डाव्या बाजूच्या दोघी मागे पडल्या. तू नाही पडलीस." म्हणजे घडी घातलेल्या हातांनी त्यांनी शेवटच्या ठोक्यापर्यंत बघितलं होतं. त्यांनी माफी मागितली नाही, मुख्याध्यापकांबद्दलचं त्यांचं मत पुढे कधी बदललं नाही, आणि त्या वेळी ते टाळ्या वाजवू शकत नव्हते हेही मला मोठेपणी समजलं. पण त्या एका वाक्यानं मी मुख्याध्यापकांच्या खात्यातून निघून परत माझ्या खात्यात आले.

म्हणून तुम्हाला विचारते, दार लावल्यावर तुम्ही ऐकलंत का? मला खात्री आहे, ऐकलंत. तिकडच्या घरांच्या दारांना एवढा ढोल अडत नाही. तो कसा वाजला? गेल्या वर्षीपेक्षा बरा? दोन महिने ती सरावाहून साडेनऊला घरी येत असेल, तेव्हा जेवण गरम करून तुम्हीच वाढत असाल. तिच्या तळव्याची सालं गेलेली तुम्ही बघितली असणार. मग त्या संध्याकाळी टोमणे सुरू झाल्यावर ओळ तुटली का? की तशीच पुढे गेली? तिला हे सांगा. आधी दाराबद्दल एका वाक्यात 'माझं चुकलं' म्हणा. त्याला 'पण तुमच्या सरांनी' असं शेपूट लावू नका. मग वाजवण्याबद्दल बोला. आणि वाजवण्यात चूक असेल तर तीही सांगा. ढोल चुकला तर ढोल चुकला म्हणावं, त्याचं मुलांना वाईट वाटतं पण ते त्यांना पेलतं. स्वतःच्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी घरचं माणूस पाठ फिरवतं, तेव्हा ते कुठे ठेवायचं हेच त्यांना कळत नाही.

तिनं लगेच मोकळं होऊन तुमच्या गळ्यात पडावं ही अपेक्षा नको. बारा दिवस गप्प राहिलेली मुलगी तेराव्या दिवशी थोडी रागावेल. रागावू द्या. तिची समजूत तुम्ही काढायची आहे, तिनं तुमची नाही.

आता तुमच्या मिस्टरांविषयी. त्यांचं दुःख मला दिसतं. ज्या मंडळासाठी माणसानं उन्हातान्हात वर्गणी मागितली, मांडवाचे वासे उचलले, त्या बाप्पाला टाळ्यांवर न्यायला लागणं सोपं नाही. पण पथक सोड नाहीतर होस्टेल बघ, हे भाचीला सांगणं म्हणजे पथकप्रमुखांचं बिल पोरीच्या नावावर फाडणं. ते बिल मंडळानं थेट प्रमुखांना द्यावं. दोन-तीन जुन्या कार्यकर्त्यांनी त्यांच्याकडे जावं, समोर बसावं आणि विचारावं. विचारताना आवाज चढला तरी माझी हरकत नाही. दुसरं म्हणजे, पुढच्या वेळी नुसत्या नारळ-सुपारीवर भरवसा ठेवू नका. 'सुपारी दिली' या शब्दात जो विश्वास होता तो आता उरलेला नाही, निदान गुंडांच्या बातम्यांनी तरी तो संपवलाच. दिवस, वेळ, रक्कम, आणि ऐन वेळी नाही म्हटलं तर काय, हे एका कागदावर लिहा आणि दोघांनी सह्या करा. गणपतीच्या कामात कागद कशाला, असं म्हणणारे प्रत्येक मंडळात निघतात. यंदा झांजा कुणी वाजवल्या ते त्यांना विचारा.

भाची एकोणीस वर्षांची आहे, बाळ नाही, हेही मी विसरलेले नाही. पथकानं काय केलं याबद्दल तिचं स्वतःचं मत असेल, कदाचित तुमच्यापेक्षा कडक. कदाचित तिनं चार दिवस आधीच प्रमुखांना विचारलं असेल आणि 'तू वाजव, बाकीचं आम्ही बघतो' असं ऐकून परत ओळीत उभी राहिली असेल. तिला विचारा. सांगू नका, विचारा. पथकांच्या हंगामानंतर बैठका होतात, तिथे तिला काही मांडायचं असेल तर तिच्यामागे घर आहे एवढं तिला माहीत असावं. आणि तिला हेच पथक आवडत असेल, तिथे तिचे मित्रमैत्रिणी असतील, तर तिनं तिथेच राहावं. तुमच्या मिस्टरांची निष्ठा मंडळाशी आहे, तिची तिच्या ओळीशी. दोन्ही एकाच घरात राहू शकतात, जेवणाच्या टेबलावर थोडी खडाखडी होईल एवढंच.

राहिला पुढच्या वर्षीचा प्रश्न. ते पथक परत मोठ्या मंडळापुढे वाजवत खालून गेलं, तर पहिल्या रांगेतल्या शिट्टीवाल्यांसाठी टाळ्या वाजवायलाच हव्यात असं कुणी सांगितलं नाही. गॅलरीत हाताची घडी घालून उभ्या राहा हवं तर. माझे अण्णाही तसेच उभे होते. पण दार उघडं असू द्या, आणि टोपली तयार ठेवा. पुढची रांग जाऊ दे, ध्वजवाले जाऊ देत, ताशे जाऊ देत. ढोलांच्या मधल्या ओळी खिडकीखाली आल्या की दोरी सोडा. एकच बाटली नको, चांगल्या आठ-दहा ठेवा, कारण तिच्या शेजारची दोन पोरंसुद्धा त्या दिवशी गॅलरीकडे बघत असतील, त्यांची मावशी कुठे राहते कुणास ठाऊक. सरबतात मीठ जरा जास्तच घाला. एवढ्या घामानंतर साखरेपेक्षा मीठ लागतं.

भाचीच्या झब्ब्यावरचे गुलालाचे डाग अजून निघाले नसतील, तर आधी थंड पाण्यात भिजवा. गरम पाण्यात घातलात तर बसतील.