विचारा बिनधास्त: मंत्रालयाची बीट नाशिकमधून होते का?

प्रश्न: दादा, मी सिडकोत राहते, दीड वर्ष झालं एका लोकल पोर्टलला रिपोर्टर आहे. काम म्हणजे गोल्फ क्लबवरून निघालेला मोर्चा, कलेक्टर ऑफिसला दिलेलं निवेदन आणि मंत्री आले की बूम धरून बाईट. मला मंत्रालयाची बीट, म्हणजे राज्य सरकार कव्हर करायचंय. सगळे म्हणतात मुंबईला गेल्याशिवाय काही खरं नाही, आणि घरचे म्हणतात तिथं रूमचं भाडंच तुझ्या पगाराएवढं होईल. काय करू?
– एक वाचक, सिडको

उत्तर: घरच्यांचं ऐक, निदान अजून दोन वर्षं तरी. आणि हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाहीये, स्वतः तोंडावर पडलोय म्हणून सांगतोय.

२०२३ चा मार्च आठव. कांद्याचा भाव पार बसला होता, विधानभवनात आमदार कांद्याच्या माळा घालून येत होते, आणि इकडून दिंडोरीहून लाल बावट्याचा मोर्चा पायी मुंबईकडं निघालेला. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सभागृहात क्विंटलला ३०० रुपये अनुदान जाहीर केलं, चार दिवसांनी त्यात ५० वाढवून ३५० केले, मोर्चा वाशिंदलाच थांबला आणि लोक परत आले. मी तेव्हा अधिवेशन कव्हर करत होतो, झकास हेडिंग लावलं, संपला विषय. मग महिना-दीड महिन्यानं लासलगावच्या मार्केटात गेलो तर एक बाबा म्हणाले, "भाऊ, पेपरात आलं ते वाचलं, आता खात्यात कधी येतं ते छापा." तोपर्यंत मी जीआर, म्हणजे शासन निर्णय, उघडूनसुद्धा बघितला नव्हता! त्यात १ फेब्रुवारी ते ३१ मार्च दरम्यान विकलेला माल, शेतकऱ्यामागं जास्तीत जास्त २०० क्विंटल, आणि वर सातबाऱ्यावर कांद्याची नोंद पाहिजे अशी अट. आता ई-पीक पाहणी, म्हणजे ती पिकाची नोंद स्वतःच करायची, आपल्याकडं किती जणांनी मोबाईलवर वेळेत केली होती ते तुला वेगळं सांगायला नको. पुढं ती अट सैल करावी लागली, पण ती बातमी गावातनं वर गेली, मंत्रालयातनं खाली आली नाही.

म्हणून सांगतो, रोज सकाळी चहा घेताना शासन निर्णयाची साईट उघडायची, कृषी, पाणीपुरवठा, आदिवासी विकास, नगरविकास एवढे विभाग चाळले तरी नाशिकपुरतं पुष्कळ झालं. जीआर वाचताना पहिल्या पानावर अडकू नको. वर 'वाचा' म्हणून जुन्या निर्णयांची यादी असते ती बघ, कारण बऱ्याचदा 'नवीन' योजना तिथंच जुनी निघते, आणि खाली लेखाशीर्ष दिलंय का, म्हणजे पैसा नेमका कुठून येणार, ते बघ. नंतर गुपचूप शुद्धिपत्रक निघतं त्यावरही नजर ठेव.

अधिवेशन सुरू झालं की तारांकित प्रश्नांची, म्हणजे ज्यांचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं असतं त्यांची, यादी काढायची. प्रश्नोत्तराच्या तासात मोजके प्रश्न चर्चेला येतात, बाकीच्यांची लेखी उत्तरं पटलावर ठेवली जातात आणि ती कोणी वाचत नाही, गोंधळाच्या बाईट्समध्ये सगळे गुंतलेले असतात ना! आपल्या जिल्ह्यात १५ आमदार आहेत, कोणी काय विचारलं, मंत्र्यांनी 'हे अंशतः खरे आहे' असं कुठं कुठं लिहून दिलं, एवढ्यावर आठवडा निघतो. पुरवणी मागण्यांचं, म्हणजे बजेटनंतर सरकार जो जादा खर्च मंजुरीला मांडतं त्याचं, पुस्तक पण सोडू नको, कंटाळवाणं आहे पण सोनं आहे.

कागद मिळेना तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत, ३० दिवस थांबायचं.

हां, काही गोष्टी इथं बसून नाहीच मिळणार. जानेवारी २०२५ मध्ये पालकमंत्र्यांची यादी आली, नाशिकला गिरीश महाजन, आणि दुसऱ्याच दिवशी स्थगिती. असला खेळ मुंबईत होतो आणि तो ज्याच्याकडं रात्री अकराला फोन उचलणारी माणसं आहेत त्यालाच कळतो. ती माणसं जोडायला अधिवेशनात पंचवटी एक्सप्रेसनं आठ दिवस जाऊन ये, मावशीकडं राहा, काहीही कर. पण मंत्र्यांच्या केबिनबाहेर सेल्फी काढत बसू नको, कक्ष अधिकारी, अवर सचिव यांच्याशी बोल. नस्ती, म्हणजे फाईल, कुठल्या टेबलावर अडकलीय ते त्यांना ठाऊक असतं, आणि सरकार बदललं तरी ते तिथंच असतात.

प्रश्न: सर, एका नेत्यानं पंधरा मिनिटं भडाभडा सांगितलं आणि शेवटी म्हणाले, हे ऑफ द रेकॉर्ड बरं का. छापायचं की नाही?
– नवा वार्ताहर, सटाणा

उत्तर: ऑफ द रेकॉर्ड आधी ठरतं, सांगून झाल्यावर नाही. नियमानं बघितलं तर तू मोकळा आहेस. पण मी असतो तर त्यांच्या नावानं छापलं नसतं, तीच माहिती कागदातून नाहीतर दुसऱ्या माणसाकडून पक्की केली असती आणि मग लावली असती. कारण एकतर पुढच्या वेळी फोन लागायला हवा, आणि दुसरं म्हणजे नेते एवढं भडाभडा उगाच बोलत नाहीत, बहुतेक वेळा त्यांच्याच पक्षातल्या कुणाचा तरी काटा काढायचा असतो आणि बंदूक तुझ्या खांद्यावर. पुढच्या वेळी वही उघडतानाच विचार, "साहेब, हे नावानिशी ना?"

प्रश्न: पत्रकार परिषदेत जेवण आणि भेटवस्तू देतात. घ्यायचं का?
– वाचक, मालेगाव

उत्तर: जेवण ठीक. पिशवी खुर्चीवरच ठेवून यायची, आत काय आहे ते न बघता.