तीन महिन्यांतला दीड महिना गेला

प्रिय मुली,

परवा कळव्याला घरी येऊन तू बाबांची फाइल माझ्यापुढे ठेवलीस आणि म्हणालीस, "काका, ठेकेदार म्हणतो एक तारखेपासून गाड्या लावा, कागदांचं मागाहून बघू." काम रेल्वेचं, मालगाड्यांचा क्रू, म्हणजे ड्रायव्हर-गार्ड, रस्त्याने ने-आण करायचं. मी गप्प बसलो. फाइल उघडताना बाबांचं जुनं लायसन्स खाली पडलं होतं, ते तुझ्या आईने उचलून पदराने पुसलं आणि हातातच धरून ठेवलं. त्या वेळी बोललो असतो तर आवाज चढला असता. म्हणून आता लिहितोय.

तू कष्टाची आहेस, हिशोबाला पक्की आहेस, हे मी सांगायला नको. सरळ कामाचं बोलतो. कागद आधी, चाक नंतर. या पत्रात हेच वाक्य पुन्हा पुन्हा येईल. कंटाळलीस तरी वाच.

दोन्ही बोलेरो आणि अर्टिगा, तिन्हींची आरसी आणि परमिट बाबांच्या नावावर आहेत. मालक गेला म्हणून परमिट आपोआप मुलीचं होत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ८२ सांगतं की ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवलं, तर गाडी ज्याच्या ताब्यात आली त्याला तीन महिने ते परमिट स्वतःचं असल्यासारखं वापरता येतं. नावावर करून घ्यायचा अर्जही त्याच तीन महिन्यांत द्यावा लागतो. तू तेराव्यानंतर लगेच जाऊन पत्र दिलंस, पोच घेतलीस. त्या पोचेवरचा शिक्का मी दोनदा पाहिला. घरात एवढं दुःख असताना हे तुला सुचलं, याचं मला फार बरं वाटलं. पण पुढे काय केलंस? काहीच नाही. बाबांना जाऊन सात आठवडे झाले. विम्याचंही तसंच, मालकाच्या मृत्यूनंतर पॉलिसी फार तर तीन महिने चालते, तेवढ्यात ती वारसाच्या नावावर करून घ्यायची. आणि तो ठेकेदार म्हणतो, बाबांच्याच नावाने बिलं लावू, लॉबीत (रेल्वेच्या क्रूच्या हजेरी ऑफिसात) कोण विचारतंय! उद्या गाडी कुठे धडकली तर कोर्ट विचारेल, मुली. तेव्हा ठेकेदार तुझ्या शेजारी उभा नसेल.

त्याची दुसरी अट तर मला जास्तच खटकली. तीन गाड्या कमी पडतात, म्हणून तुझ्या मामाच्या दोन पांढऱ्या पाटीच्या गाड्या महिनाभर लाव. काचेवर 'रेल्वे ड्यूटी' चिकटवलं की झालं, सरकारी कामाला परमिट लागत नाही. हे त्याने तुला इतक्या ठासून सांगितलं की तुलाही ते खरं वाटायला लागलं. परमिटातून सूट आहे, पण ती सरकारच्या स्वतःच्या मालकीच्या गाडीला, आणि तीसुद्धा धंद्याशी संबंध नसलेल्या सरकारी कामासाठी. तुझ्या मामाची गाडी सरकारची आहे का? तिचं तुला भाडं मिळणार आहे ना? मग ती भाड्याची गाडी झाली. तिला पिवळी पाटी हवी, पासिंग हवं, परमिट हवं, भाड्याच्या वापराचा विमा हवा. पांढऱ्याची पिवळी करून मिळते. थोडा वेळ लागतो, कराचा फरक भरावा लागतो. मामा तयार असेल तर आजच अर्ज दे, आणि गाडी हातात येईपर्यंत लॉबीच्या दारात नेऊ नकोस.

विनापरमिट पकडली गेलीस तर १०,००० रुपये दंड आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. दंडाची भीती घालून मला तुला अडवायचं नाही. दंड भरून गाडी सोडवणारे मी शेकड्यांनी पाहिलेत. मला जे सांगायचंय ते वेगळं आहे, आणि ते तुझ्या बाबांना माहीत होतं. तुला माहीत नसावं.

२००७ चा जुलै. माझ्या दोन सुमो एका लॉबीला लावलेल्या होत्या. मालगाडीला लोकलसारखं वेळापत्रक नसतं, हे तू बाबांच्या तोंडून ऐकलंच असशील. जेएनपीटी बंदरातून निघालेला मालगाडीचा रेक जासईला अडकतो, पनवेलच्या बाहेर सिग्नलला तासन् तास उभा राहतो, आणि इंजिनावरच्या माणसांचे ड्यूटीचे तास संपत येतात. मग लॉबीतून दुसरा क्रू रस्त्याने पाठवायचा आणि दमलेल्यांना परत आणायचं. आपला धंदा एवढाच. त्या दिवशी एक सुमो पासिंगला गेलेली. रात्री दीडला फोन आला, दुसरी गाडी आधीच कसाऱ्याकडे होती. मेहुण्याची क्वालिस माझ्या दारात उभी होती. पांढरी पाटी. मी स्वतःला म्हणालो, एका रात्रीचा तर प्रश्न आहे. चालवायला पोरगाही दमलेला पाठवला, सकाळपासून शाळेच्या फेऱ्या करून आलेला. तो दमलाय हे मला दिसत होतं.

परतीला कळंबोलीच्या अलीकडे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कंटेनरवर गाडी गेली. मी पोचलो तेव्हा पाऊस धो धो पडत होता. मागे ठेवलेली गार्डची लाइन पेटी फुटून तिच्यातलं सगळं चिखलात पडलं होतं. लाल झेंडी, हिरवी झेंडी, हातदिवा, स्टीलचा डबा. गार्ड बाजूला उभा होता, कपाळातून रक्त येत होतं, आणि तो माणूस वाकून झेंड्या गोळा करत होता. इंजिनावरचा असिस्टंट ड्रायव्हर मागच्या सीटवर झोपेतच सापडला होता. त्याची मांडी मोडली.

मुली, तो झोपला होता. रात्रभर इंजिनावर जागून, सिग्नल मोजून तो माझ्या गाडीत बसला आणि विश्वासाने झोपला. त्याने पाटीचा रंग पाहिला नव्हता. तो त्याने का पाहावा? ते माझं काम होतं.

विमा कंपनीने पॉलिसी पुढे केली. तिच्यावर स्वच्छ छापलेलं होतं, भाड्याने वापरास लागू नाही. मला भांडायला जागाच नव्हती. न्यायाधिकरणात वर्षं गेली आणि शेवटी भरपाई माझ्यावर आली. मुरबाडकडची पाऊण एकर जमीन विकून मी ती फेडली. जमिनीचं मला काही नाही. पण तो असिस्टंट ड्रायव्हर मेडिकलला डीकॅट झाला, म्हणजे गाडीवर जायला अपात्र ठरला, इंजिनवरून उतरवून टेबलावर बसवला गेला. रनिंगच्या, म्हणजे गाडीवर चालणाऱ्या, माणसाला टेबल म्हणजे काय ते तुला रनिंगचाच माणूस सांगेल. दर दिवाळीला मी त्याला फोन करतो. तो चांगलं बोलतो. फोन ठेवल्यावर मी जरा वेळ कोणाशीच बोलत नाही.

पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच केलं की विनापरमिट गाडी रस्त्यावर आणणं हा कायद्याचा मूलभूत भंग आहे, कंपनीने जखमीला पैसे द्यावेत आणि मालकाकडून वसूल करावेत. म्हणजे तुझ्याकडून. कागद आधी, चाक नंतर, हे मी आरटीओच्या भीतीने म्हणत नाही. मागच्या सीटवर झोपलेल्या माणसासाठी म्हणतो.

आता तुझ्या दराकडे येतो, कारण त्यावर मी रागावलोय. तू गाडीमागे दोन ड्रायव्हर धरलेत. गाडी २४ तास हवी, म्हणून १२-१२ तासांच्या दोन पाळ्या. कोणी शिकवलं हे? मोटार परिवहन कामगारांचा १९६१ चा कायदा (आता तो २०२० च्या संहितेत सामावला) दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास सांगत आला. आठवड्याचे तास १६८. त्याला ४८ ने भाग. साडेतीन येतात. एका गाडीला साडेतीन माणसं, तीन गाड्यांना साडेदहा, म्हणजे अकरा. तू सहांचा पगार धरून दर काढलास आणि तो दर ठेकेदाराला आवडला. आवडणारच! उरलेल्या पाच माणसांची झोप तू त्याला फुकट दिलीस. इंजिनवाल्याला आठ तासांच्या वर ड्यूटी झाली की मुख्यालयात, म्हणजे त्याच्या घरच्या स्टेशनावर, १६ तास विश्रांती देण्याचा नियम आहे. त्याला घरी सोडणारा मात्र १२ तास स्टिअरिंगवर, आणि साहेबांचं म्हणणं की बदली येईपर्यंत थांब. यात काही शहाणपण दिसतं का तुला?

अकरांचा दर लावलास तर काम मिळणार नाही, असं तू म्हणशील. कदाचित नाही मिळणार. मग कमी गाड्यांचं काम माग. दिवसपाळीचं माग. एका गाडीचं माग आणि साडेतीन माणसांनी नीट चालव.

रिकाम्या परतीचंही सांगून ठेवतो. क्रू सोडून गाडी जासईहून रिकामी येते, नाक्यावर माणसं हात करतात, ड्रायव्हर चार सवाऱ्या भरतो. त्याला वाटतं, चहापाणी सुटलं. पण तुझं परमिट कॉन्ट्रॅक्ट कॅरेजचं, अख्खी गाडी एका कराराने दिलेली. करारात नसलेली सवारी वाटेत उचलायची नाही, ही त्या शब्दाची कायद्यातली व्याख्याच आहे. बाबांनी ड्रायव्हरांना रात्रीच्या रिकाम्या फेरीचा वेगळा भत्ता ठेवला होता तो याचसाठी. तू तो 'अनावश्यक खर्च' म्हणून कापलास. परत चालू कर.

बसायच्या जागांचंही असंच. बोलेरोत चालक सोडून सहा, म्हणजे दोन क्रू बरोबर बसतात आणि पेट्यांना जागा उरत नाही. ठेकेदार नऊ सीटर मागतोय ते त्यामुळे. पण चालक सोडून सहाच्या वर गेलीस की ती मॅक्सी कॅब होते, परमिट तसंच लागतं. आरसीवर सीट किती लिहिल्यात ते बघून मग हो म्हण.

माझ्याबद्दल तू इकडून तिकडून ऐकलं असशील. २०१३ मध्ये मला चार गाड्यांचं काम लागलं होतं. पत्र हातात होतं, अनामत भरलेली होती. दोन गाड्यांचं परमिट आलं नव्हतं, तारीख उजाडली, आणि मी गाड्या लावल्या नाहीत. काम गेलं, अनामत गेली. भागीदार त्या दिवसापासून माझ्या दारात आला नाही. माझा मुलगा आजही म्हणतो, बाबा, पंधरा दिवसांचा तर प्रश्न होता. परमिट खरोखर सोळाव्या दिवशी आलं. म्हणजे हिशोबाने तो बरोबर आहे. त्याने पुढे ट्रान्सपोर्ट सोडलं, ऐरोलीला नोकरी धरली, आणि त्यात माझा हात आहे हे मला ठाऊक आहे.

तरी मी चुकलो नाही. त्या पंधरा दिवसांत काही झालं नसतं, असं सगळे म्हणतात. २००७ च्या त्या रात्रीआधीही काही झालं नव्हतं. वर्षानुवर्षं काही झालं नव्हतं. मला पुन्हा तीच तारीख दिली तर मी पुन्हा गाड्या दारात उभ्या ठेवीन. तुझे बाबा तेव्हा माझ्याकडे आले होते. समजूत घालायला आले असतील असं मला वाटलं. ते ओट्यावर बसले, चहा घेतला, आणि जाताना म्हणाले, माझ्या गाड्यांचे कागद एकदा तुझ्या नजरेखालून घाल. तेव्हापासून दरवर्षी ते फाइल घेऊन यायचे. परवा तू आणलीस ती तीच फाइल, त्याच निळ्या दोऱ्याने बांधलेली.

म्हणून तुझ्यावर मी जरा हक्काने चिडतो. तुला ती फाइल ओझं वाटतेय. एक तारीख, हप्ते, भावाची फी, आईची औषधं, हे सगळं डोक्यावर आहे आणि म्हातारा कागदांचं बोलतो. मला कळतं. हप्त्याचं बँकेशी बोलता येतं, मी येईन बरोबर. या महिन्यात कमी पडेल ते मी देईन, बाबांनीही मला दिलेत, ते तुला माहीत नाहीत. पण मामाच्या गाड्या एक रात्रही लावायच्या नाहीत. आणि आपल्या तीन गाड्या तुझ्या नावावर होईपर्यंत नवं काम घ्यायचं नाही. जुनी दोन गिऱ्हाइकं त्या पोचेवर चालव, तेवढी मुदत आहे.

ठेकेदाराला काय सांगायचं ते विचारत होतीस. सांग, एक तारीख जमत नाही, कागद झाले की गाड्या लागतील. दुसऱ्याला काम देईल, तर देऊ दे. फोनवर फार वेळ बोलू नकोस, तो बोलण्यात पटाईत आहे.

सोमवारी सकाळी साडेनऊला आरटीओच्या दारात ये. फॉर्म ३१, म्हणजे गाडी वारसाच्या नावावर करायचा अर्ज, आणि परमिटचा अर्ज मी भरून आणतो, तिन्ही गाड्यांचे वेगवेगळे. तू मूळ आरसी, परमिट, विम्याचे कागद, पीयूसी आणि मृत्यू दाखल्याच्या साक्षांकित प्रती आण. अर्टिगावर कर्ज आहे, तिचं बँकेचं पत्र शनिवारीच घे. आई आणि भावाचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागेल, भावाला सही करायला उठव, कॉलेज एक दिवस बुडलं तरी चालेल. एजंट मागे लागतील, त्यांच्याकडे बघू नकोस, खिडकी मला माहीत आहे.

बाबांचं लायसन्स यात कुठे लागत नाही. ते आईकडेच राहू दे.

तुझा,
काका