गुडघ्याचा त्रास कोणी सांगायचा?

प्रश्न : माझ्या आईचे (वय ६६) दोन्ही गुडघे झिजले असून बेळगावच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी सांधा बदलण्याचा पर्याय सुचवला आहे. त्याआधी त्यांनी बारा प्रश्नांचा कन्नड फॉर्म भरून आणण्यास सांगितले. आईला कन्नड वाचता येत नाही, म्हणून मीच तो भरला. एक्स-रे हाताशी असताना अशा फॉर्मला कितपत महत्त्व द्यावे?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : सांध्यातली फट किती कमी झाली, हे एक्स-रे दाखवतो, त्या गुडघ्यामुळे आईंचे कोणते काम अडते, हे तो दाखवत नाही. झीज फार दिसूनही बेताचाच त्रास असलेले आणि याच्या उलटही रुग्ण आढळतात. तुमचा फॉर्म बहुधा १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘ऑक्सफर्ड नी स्कोअर’ असावा. त्यात मागील चार आठवड्यांतील वेदना, चालणे, जिना उतरणे यांविषयी विचारतात. कमाल गुण ४८ असून गुण जितके कमी, तितका त्रास अधिक. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २००९ पासून गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर रुग्णांकडून अशी माहिती नियमितपणे घेण्यास सुरुवात केली.

तुम्ही भरलेला फॉर्म मात्र बाजूला ठेवावा. वेदना बाहेरून दिसत नाही, त्यामुळे घरच्यांची उत्तरे आणि रुग्णाची उत्तरे यांत हमखास अंतर पडते. शिवाय मुलांसमोर ‘चालतंय की’ म्हणून वेळ मारून नेणाऱ्या आया आपल्याकडे काही कमी नाहीत. रुग्णालयात मान्यताप्राप्त मराठी फॉर्म मिळतो का, ते आधी विचारावे. नसल्यास मराठी-कन्नड दोन्ही जाणणाऱ्या परिचारिकेने प्रत्येक प्रश्न वाचून दाखवावा, आई सांगतील तीच खूण करावी आणि तुम्ही शक्यतो बाहेर थांबावे.

बारा प्रश्नांत न मावणाऱ्या गोष्टी वेगळ्या कागदावर लिहून न्याव्यात. आईंना मांडी घालून जेवायला बसायचे आहे का, घरात भारतीय पद्धतीचा संडास आहे का, भातलावणीला त्या अजून शेतात उतरतात का, हे डॉक्टरांना आधीच कळायला हवे. कृत्रिम सांध्याने चालण्याची वेदना बहुतेकांची कमी होते. पण पूर्ण उकिडवे बसणे अनेकांना जमत नाही, आणि पुष्कळ शल्यचिकित्सक ते टाळायलाच सांगतात. हीच अपेक्षा धरून शस्त्रक्रिया करून घेतलेला रुग्ण, सांधा उत्तम बसला असूनही, नाराज राहू शकतो.

केवळ गुणांवरून कोणी शस्त्रक्रिया ठरवू नये किंवा नाकारूही नये. मधुमेह, हृदयाची स्थिती, व्यायाम व औषधांनी आजवर पडलेला फरक हे सारे त्यासोबत पाहावे लागते. शस्त्रक्रिया ठरलीच, तर सहा महिन्यांनी हाच फॉर्म पुन्हा भरून घेणार का, हेही डॉक्टरांना आताच विचारून ठेवावे.