टॅक्सी मोपा विमानतळाला पोचण्याआधीच पैसे परत

हरमलहून गेस्टहाऊस चालवणारे एक वाचक लिहितात: "परदेशी पाहुण्यानं निघताना ४५ हजारांचं बिल बिटकॉइनमध्ये भरलं. मोबाइलवर रक्कम 'प्रलंबित' दिसली, म्हणून मी त्याचं सामान टॅक्सीत चढवलं. वीस मिनिटांत रक्कम गायब! पाठवल्यावरही बदलता येणारे व्यवहार ओळखून नाकारणारं वॉलेट, म्हणजे बिटकॉइन ठेवण्याचं ॲप, घेऊ का? हंगामाचे ६ लाख बिटकॉइनमध्येच ठेवलेत, आज त्यांचे ४.८० लाख झालेत. भाव चढेपर्यंत विकणार नाही. पावसाळ्यासाठी १२ टक्क्यांनी ३ लाखांचं सोनेतारण कर्ज काढलंय. सल्लागार म्हणतो, विकत नाही तोवर कर नाही."

वॉलेट घेऊ नका. ब्लॉकमध्ये, म्हणजे बिटकॉइनच्या सामायिक वहीच्या नव्या पानात, जाईपर्यंत व्यवहार ही नुसती विनंती असते. पाहुण्यानं तेच बिटकॉइन जास्त शुल्क लावून स्वतःच्याच पत्त्यावर पाठवले आणि मायनरनं, म्हणजे ब्लॉक भरणाऱ्यानं, जास्त शुल्काचा व्यवहार उचलला. साधा व्यवहार सुमारे १४० बाइटचा. सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग. शुल्क बाइटमागे २ सातोशींवरून ३ केलं की १४० सातोशी वाढतात. बिटकॉइन ८० लाखांना धरला तर सातोशी पडतो ८ पैशांना. म्हणजे तुमचे ४५ हजार बुडवायला त्याला अकरा रुपये जादा लागले.

पूर्वी 'हा व्यवहार बदलू शकतो' अशी खूण असायची, आणि खूण नसलेला व्यवहार बिटकॉइनच्या जाळ्यातले बहुतेक संगणक बदलू देत नसत. पाहताक्षणी माल देणाऱ्या दुकानदारांना ही सोय टिकायला हवी होती. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की कमी शुल्कामुळे अडकलेला व्यवहार सोडवायला बदल लागतोच, आणि आधी आलेल्याला मान देणं मायनरवर कधीच बंधनकारक नव्हतं. मला दुसरी बाजू पटते. या संगणकांवर चालणाऱ्या बिटकॉइन कोअर या प्रोग्रॅमच्या २०२४ मधल्या २८ व्या आवृत्तीपासून तर खूण नसली तरी बदल चालतो, त्यामुळे ती तपासणारं वॉलेट तुम्हाला वाचवणार नाही. बिल आदल्या संध्याकाळी घ्या. व्यवहार ब्लॉकमध्ये गेला की एक पुष्टी, मग प्रत्येक नव्या ब्लॉकमागे आणखी एक. एका रात्रीच्या भाड्याला एक पुष्टी पुरे, महिन्याच्या बिलाला तीन, म्हणजे साधारण अर्धा तास. एखादा ब्लॉक चाळीस मिनिटंही घेतो, म्हणून निघण्याच्या वेळी बिटकॉइन नकोच.

४५ हजार गेले ते गेले. मला काळजी उरलेल्या ६ लाखांची आहे.

सल्लागारानं तुम्हाला चुकीचं सांगितलंय. खोलीचं भाडं बिटकॉइनमध्ये आलं तरी ते धंद्याचं उत्पन्नच, ज्या दिवशी मिळालं त्या दिवशीच्या रुपयांतल्या भावानं. विवरणपत्रात ६ लाखच दाखवावे लागतील. वरचा १.२० लाखांचा तोटा कुठल्याही उत्पन्नातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. भाव चढून नफा झाला तर त्यावर ३० टक्के आणि उपकर, मिळून ३१.२. नफा झाला तर सरकारचा वाटा आणि तोटा झाला तर सगळा तुमचा, असा हा व्यवहार आहे. शिवाय तो धरून ठेवण्यासाठी घरचं सोनं तारण ठेवून तुम्ही महिन्याला ३ हजार व्याज भरताय!

भावाची वाट पाहू नका, विका. ३ लाख कर्जाला. जून ते सप्टेंबर घरखर्च महिना ३५ हजार धरला तर १.४० लाख बचत खात्यात. चवथीचा खर्च त्यातच बसवा. उरलेले ४० हजार कर आणि सीएसाठी बाजूला. विक्रीवर कापला जाणारा १ टक्का, सुमारे ४,८०० रुपये, याच ४० हजारांतून जाईल; तो २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावे कापलेल्या कराच्या नोंदीत, दिसतो का बघा आणि विवरणपत्रात मागून घ्या. प्रत्येक भाडं मिळालं ती तारीख आणि त्या दिवसाचा भाव वहीत आजच उतरवा, सीए पहिल्यांदा तेच मागेल. दागिने सोडवताना तारण पावतीवरचं वजन समोर ताडून बघा आणि कर्ज संपल्याचं पत्र हातात आल्यावरच तिथून निघा.