टीव्हीचा आवाज : संवाद आधी, खर्ज नंतर

घरातल्या टीव्हीला साउंडबार (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर-संच) आणि सबवूफर (केवळ खर्जाचा वेगळा स्पीकर) जोडण्यासंबंधी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांची उत्तरे या अंकात देत आहोत. उपकरणाच्या निवडीइतकेच त्याच्या जागेला आणि जोडणीला महत्त्व आहे, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच सापडते, असे आमचे ठाम मत आहे.

प्रश्न : आमचा ४३ इंची टीव्ही भिंतीवर लावलेला आहे. मालिका पाहताना पार्श्वसंगीत मोठे आणि संवाद पुटपुटल्यासारखे ऐकू येतात. आईचे वय ७८ आहे. ती सतत आवाज वाढवायला सांगते. दुकानदाराने मोठ्या सबवूफरचा २.१ (डावा-उजवा असे दोन स्पीकर आणि एक सबवूफर) साउंडबार सुचवला आहे. त्याने अडचण दूर होईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तुमची अडचण संवादांच्या स्पष्टतेची आहे आणि सुचवलेला उपाय प्रामुख्याने खर्जाचा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, म्हणून खरेदीपूर्वी त्यांची फोड करून घेणे बरे.

पातळ टीव्हीत मोठ्या स्पीकरला जागाच नसते. जे लहान स्पीकर मावतात तेही पडद्याभोवती कड दिसू नये म्हणून खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे आवाज आधी भिंतीवर आदळतो आणि मग सोफ्यापर्यंत पोहोचतो. बोलण्यातील स्वरांचा भरणा खालच्या आणि मधल्या पट्ट्यात असतो, तर स, श, ट, फ अशा व्यंजनांचा नेमकेपणा साधारण २,००० ते ८,००० हर्ट्झ (सेकंदाला होणारी कंपने) या वरच्या पट्ट्यात असतो. भिंतीवरून परतताना हाच पट्टा विस्कटतो, आणि वाढत्या वयात कानाची संवेदनाही वरच्या पट्ट्यांतच प्रथम कमी होत जाते. कोणीतरी बोलत आहे हे आईंना कळते, परंतु ‘साठ’ म्हटले की ‘आठ’, याचा उलगडा होत नाही. आवाज वाढवला की संगीतही तितकेच वाढते आणि मूळ तक्रार तशीच राहते.

सबवूफर या वरच्या पट्ट्याला हातच लावत नाही. उलट स्वस्त संचांत बारमधील स्पीकर इतके लहान असतात की १५० ते २०० हर्ट्झपर्यंतचे काम सबवूफरवर सोपवलेले असते. पुरुषी आवाजाचा पाया याच भागात असल्यामुळे सबवूफर जास्त ठेवला तर निवेदकाचा आवाज घुमू लागतो आणि शब्द आणखी अस्पष्ट होतात. म्हणून तुमच्या घरासाठी मी २.१ ऐवजी ३.१ रचनेचा बार सुचवेन. यातील तिसरा स्पीकर मधोमध असतो. चित्रपटांच्या ५.१ (आवाजाच्या पाच वाटा आणि एक खर्जाची) ध्वनिमुद्रणात संवाद बहुतांशी मधल्या वाटेनेच येतात, २.१ बारमध्ये तीच वाट डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये संगीतासोबत मिसळावी लागते, तर ३.१ बारमध्ये ती वेगळी राहते आणि काही बारमध्ये फक्त तिचीच पातळी दोन-तीन पायऱ्यांनी वाढवता येते. एक खबरदारी मात्र घ्यावी. वाहिन्यांचा आवाज बहुधा दोनच वाटांचा, म्हणजे स्टिरिओ असतो आणि काही बार ‘स्टँडर्ड’ या पर्यायावर असताना स्टिरिओ आवाज मधल्या स्पीकरकडे वळवतच नाहीत. दुकानात संवाद वेगळे करणारा पर्याय निवडून, एखादी मालिका किंवा बातम्या लावून ऐकावे. तिथे नेहमी वाजवली जाणारी मारामारीची दृश्ये ऐकून तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

त्याआधी पैसे न खर्चता करण्याजोगी एक गोष्ट आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा तत्सम नावाचा पर्याय असेल तर तो चालू करावा आणि आभासी सराउंड बंद करावा. पुष्कळ घरांत एवढ्यानेही फरक जाणवतो. शिवाय आईंच्या कानांची ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणचाचणी, करून घ्यावी, हे मी आग्रहाने सांगेन. श्रवणयंत्राची गरज असेल तर कोणताही साउंडबार त्याची जागा घेऊ शकत नाही, आणि ती गरज वेळेवर लक्षात आली तर त्यांचा केवळ टीव्ही पाहण्यातलाच नव्हे, घरातल्या गप्पांतलाही सहभाग टिकून राहतो.

प्रश्न : वायरलेस सबवूफरसह साउंडबार घेतला. प्लग पॉइंट तिथेच असल्याने सबवूफर हॉलच्या कोपऱ्यात ठेवला आहे. सोफ्यावर बसले की नुसती घुमघुम ऐकू येते आणि खालच्या मजल्यावरूनही तक्रार आली आहे. गालिचा आणि जाड पडदे लावून पाहिले, उपयोग झाला नाही. हॉल १२ फूट बाय १० फूट आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : गालिचा आणि पडदे वरच्या पट्टीतील खणखणाट शोषून घेतात, खर्जावर त्यांचा परिणाम जवळजवळ शून्य असतो. कारण लांबीचे आहे. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला तर ४० हर्ट्झच्या एका लहरीची लांबी साडेआठ मीटरहून थोडी अधिक भरते. इतक्या लांब लहरीपुढे अर्ध्या इंचाचा गालिचा असून नसल्यासारखा आहे.

घुमण्याचे कारण तुमच्या खोलीच्या मापातच दडलेले आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या अंतराच्या दुप्पट लांबीची लहर त्या भिंतींमध्ये अडकून स्थिरावते. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, त्या हिशेबाने तुमच्या हॉलमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपास एक आणि १० फुटांच्या बाजूने ५७ हर्ट्झच्या आसपास दुसरा असा घुमारा तयार होतो. भिंतीलगत हे घुमारे सर्वांत जोरकस असतात आणि खोलीच्या मध्यभागी सर्वांत क्षीण. कोपऱ्यातला सबवूफर दोन्ही घुमाऱ्यांना पुरेपूर खतपाणी घालतो, आणि सोफाही मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर तुम्ही नेमके त्यांच्या शिखरावर बसलेले असता.

जागा शोधण्याची एक जुनी आणि खात्रीची रीत आहे. सबवूफर उचलून तुम्ही नेहमी बसता त्या सोफ्यावरच्या जागी ठेवा, त्याला एक्स्टेंशन बोर्डावरून वीज द्या आणि ठळक खर्ज असलेले ध्वनिमुद्रण सुरू करा. त्यासाठी तबल्याचे एकल वादन फार उपयोगी पडते. आता सबवूफर ठेवता येईल अशा प्रत्येक जागी कान जमिनीलगत नेऊन ऐका. कुठे डग्ग्याचे सगळे आघात एकमेकांत मिसळून केवळ गुरगुर ऐकू येईल, कुठे डग्गा गायबच होईल, आणि एखाद्या जागी प्रत्येक ‘घे’ सुरू होऊन संपताना वेगळा ऐकू येईल. ती जागा सबवूफरची. आवाजाचे येणे-जाणे दोन्ही दिशांना सारखेच असल्यामुळे सबवूफर तिथे आणि तुम्ही सोफ्यावर, अशी अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहतो. ‘वायरलेस’ हे नाव फक्त बारशी असलेल्या जोडणीपुरते आहे, विजेची तार लागतेच. म्हणून चांगली जागा प्लगपासून दूर निघाली तर इलेक्ट्रिशियनला बोलावून तिथे नवा पॉइंट काढून घ्या. माझ्या मते सगळ्या संचातील सर्वांत सार्थकी लागणारा खर्च हाच असतो.

खालच्या मजल्यावरील तक्रारीचा विचार वेगळा करावा लागेल. खर्ज स्लॅबमधून सहज उतरतो आणि खालच्या घरी बोलणे ऐकू आले नाही तरी धमधम पोहोचते. सबवूफरखाली जाड रबरी किंवा फोमची बैठक ठेवल्याने त्याच्या खोक्याची थरथर फरशीत उतरणे कमी होते, परंतु हवेतून पसरणारा खर्ज त्याने थांबत नाही. अधिक परिणामकारक उपाय म्हणजे सबवूफर सोफ्याच्या बाजूला, तुमच्या अगदी जवळ ठेवून त्याची पातळी बरीच खाली आणणे. जवळ असल्यामुळे तुम्हाला तो पुरेसा ऐकू येतो आणि खोलीला एकूण कमी ऊर्जा मिळते. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला सहसा ओळखता येत नाही, त्यामुळे चांगल्या संचात बाजूचा सबवूफर खटकत नाही. तुमच्या संचात तो १५०-२०० हर्ट्झपर्यंत काम करत असेल तर मात्र तो बारच्या बाजूला सरकवावा लागेल. रात्री मोठे आवाज दाबणारा ‘नाइट मोड’ चालू ठेवावा. आपल्याकडील ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनुसार निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. पण शेजाऱ्यांचा प्रश्न नियमांपर्यंत जाऊ देऊ नये. एकदा त्यांच्या घरी बसून, आपला टीव्ही चालू ठेवून स्वतःच्या कानांनी ऐकावे आणि त्यानुसार पातळी ठरवावी.

प्रश्न : साउंडबार ब्लूटूथने जोडला आहे. ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर ऐकू येतात. ऑप्टिकल केबल घ्यावी की एचडीएमआय? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या टीव्हीवर ज्या एचडीएमआय खाचेजवळ ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ (टीव्हीचा आवाज बारकडे पाठवण्याची सोय) असे लिहिलेले असेल ती खाच आणि बारवरची तशीच खाच एका केबलने जोडा. इतर कोणत्याही खाचेत केबल लावली तर टीव्हीकडून बारकडे आवाज जाणार नाही. ही सोय एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीत २००९ मध्ये आली आणि तिची अधिक क्षमतेची ‘ईएआरसी’ ही सुधारणा २.१ या आवृत्तीसोबत २०१७ मध्ये आली. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘सीईसी’ चालू केले की टीव्हीच्याच रिमोटने बारचा आवाज कमी-जास्त होतो. निरनिराळ्या कंपन्यांनी या सुविधेला स्वतःची नावे दिली आहेत. ऑप्टिकल केबलने आवाज चांगला येतो, पण ही रिमोटची सोय मिळत नाही आणि अॅटमॉस, म्हणजे वरूनही आवाज आल्याचा भास देणारा ध्वनिप्रकारही, तिच्यातून जात नाही. टीव्ही जुना असून त्याला एआरसी नसेल तरच ती घ्यावी.

ब्लूटूथमध्ये आवाज आकुंचित करून पाठवणे आणि पुन्हा उलगडणे यात एक-दोन दशांश सेकंद सहज जातात. बारवर ‘ऑडिओ सिंक’ असते, तिने हा उशीर भरून निघेल असे पुष्कळांना वाटते. ती सोय आवाज मागे सारू शकते, पुढे आणू शकत नाही. एचडीएमआय जोडल्यावर क्वचित उलटा प्रकार होतो, म्हणजे टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घेतो आणि आवाज आधी पोहोचतो. तेव्हा ती सोय कामी येते. तपासण्यासाठी बातम्या लावून निवेदकाचे ओठ पाहावेत. प, ब, म ही अक्षरे ओठ मिटल्याशिवाय उच्चारता येत नाहीत, त्यामुळे किंचित फरकही लगेच लक्षात येतो.

प्रश्न : गावच्या कौलारू घरासाठी छताकडे आवाज सोडणाऱ्या स्पीकरचा, ६०० वॅटचा अॅटमॉस बार घ्यावा का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : घेऊ नये. हे स्पीकर छताला आरशासारखे वापरतात, आणि त्यासाठी छत सपाट, टणक आणि साधारण साडेसात ते चौदा फूट उंचीवर असावे लागते. उतरत्या कौलांवर आदळलेला आवाज भलतीकडे जाईल आणि काही कौलांच्या फटींतून बाहेर पडेल. वॅटच्या आकड्यालाही फार किंमत देऊ नका. शक्ती दुप्पट केली तर वाढ केवळ ३ डेसिबलची होते, आणि आवाज दुप्पट मोठा वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. खोक्यावरचा आकडा सर्व स्पीकरांची बेरीज असतो आणि तो ‘आरएमएस’ (सतत देता येणारी शक्ती) आहे की क्षणिक कमाल, हेही अनेकदा लिहिलेले नसते. त्याच पैशांत बसणारा, वरच्या स्पीकरचा हट्ट नसलेला ३.१ किंवा ५.१ संच तुमच्या घराला शोभेल.

प्रश्न : घरात जुना स्टिरिओ अॅम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर आहेत. ते टीव्हीला जोडता येतील का, आणि साउंडबारचा सुटा सबवूफर त्यांना चालेल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : अॅम्प्लिफायर आणि स्पीकर अवश्य वापरा. चांगल्या स्थितीतील लाकडी स्पीकर पुष्कळ साउंडबारपेक्षा सरस ऐकू येतात, आणि दोघांमध्ये पाच-सहा फूट अंतर ठेवता येत असल्याने आवाजाला रुंदीही मिळते. टीव्हीला हेडफोनची खाच असेल तर तिथून लाल-पांढऱ्या पिनांची केबल अॅम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ला लावा, तबकडीच्या प्लेअरसाठी असलेल्या ‘फोनो’ला लावू नका, कारण तिथे आवाज फाटतो. हेडफोनची खाच नसेल तर ऑप्टिकलमधून अॅनालॉग आवाज काढून देणारा लहान कन्व्हर्टर मिळतो. तो लावल्यावर टीव्हीचे ध्वनी-आउटपुट ‘पीसीएम’वर (आकुंचित न केलेल्या साध्या आवाजावर) ठेवावे लागते; ते ‘ऑटो’वर राहिले तर काही कार्यक्रमांना आवाजच येत नाही. साउंडबारसोबतचा वायरलेस सबवूफर फक्त त्याच्या स्वतःच्या बारशी जुळतो, त्यामुळे तो इथे चालणार नाही. स्पीकरच्या तारा थेट घेण्याची सोय असलेला स्वतंत्र सबवूफर घ्यावा.